ब्रुजबद्दल एक बरा शब्द

आशील मूळचा ब्रुजचा. गेंटमध्ये ही गोष्ट लपत नाही, कारण माणसाला कधी ना कधी तोंड उघडावंच लागतं. ब्रुजकडची माणसं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोलतात, आणि अडतीस वर्षं गेंटची एक नंबरची ट्राम चालवूनही आशीलचा बटाटा काही गिळला गेला नाही. ट्राम जरा उशिरा आली की आमच्याकडची म्हातारी मंडळी पायरी चढता चढता म्हणायची, "आज खुळा चालवतोय वाटतं!" ब्रुजकरांना खुळे म्हणायची आमच्याकडे शेकडो वर्षांची रीत आहे. त्यात राग नसतो. तेही आम्हाला फासवाले म्हणतातच की. फार पूर्वी एका बादशहाने गेंटच्या बंडखोरांना अनवाणी, गळ्यात फास अडकवून माफी मागायला चालवलं होतं. ही गोष्ट आम्ही अजून इतक्या ऐटीत सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, बादशहाच आमची माफी मागून गेला. दर जुलैत, गावाच्या उत्सवात, आम्ही गळ्यात दोर घालून पुन्हा चालतो. कुणी सांगितलेलं नसताना.

अशा गावात आशील जावई म्हणून आला. मारियेट किल्ल्यामागच्या गल्लीतली. तिथेच जन्मली, तिथल्याच बेकरीत पाव विकायला उभी राहिली, आणि किल्ल्याच्या थांब्यावर उतरून रोज पाव घ्यायला येणाऱ्या एका लाजाळू ट्रामवाल्याशी लग्न करून पुन्हा त्याच गल्लीत राहिली. तिचा बाप म्हणाला होता, "पोरगी देतो, पण फास घालून चालावं लागेल." आशील चालला. ब्रुजचा माणूस, गेंटचा फास, अनवाणी पाय आणि दगडी फरशी. त्याचा फोटो अजून त्यांच्या जिन्यात लटकलेला आहे. फोटोत तो एकटाच हसतोय.

मारियेट वाईट बाई नव्हे. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला रश्श्याचा टोप तिच्याकडून येतो. जुलैच्या उत्सवात ती दारात टेबल मांडून मस्टेलला इस्त्री करते. मस्टेल म्हणजे दालचिनी घातलेला, मधोमध खळगा असलेला आमचा गोल पाव. तो मधून चिरायचा, आत लोणी आणि काळी साखर भरायची, कागदात गुंडाळायचा आणि कपड्यांच्या इस्त्रीने दाबून चपटा करायचा. साखर वितळून कडेने बाहेर येते आणि कुरकुरीत होते. ही इस्त्री मारियेटच्या आईची. हात भाजला तरी ती दुसऱ्या कुणाला धरू देत नाही.

पण स्तुती? ती तिच्या तोंडून कधी निघाली नाही. जेवण उत्तम झालं तर "भूक लागली होती," झगा-कोट काहीही नवं घेतलं तर "अंग झाकलं जातं," आणि ब्रुजचं नाव निघालं की नुसतं नाक वर. सासरच्या लग्नांना, बारशांना, मयतांना ती ब्रुजला गेली, पण प्रत्येक वेळी संध्याकाळच्या गाडीने परत. "तिथे झोपले आणि सकाळी खुळी होऊन उठले तर?" असं म्हणायची. गाडीने जेमतेम अर्धा तास लागतो, पण ब्रुजमध्ये तिची एक रात्र काही गेली नाही.

आशीलची सत्तरी जवळ आली होती. त्याला फार काही नको होतं. कॉफीच्या दुकानात आपल्या ट्रामवरच्या जुन्या जोडीदाराला, रोमेनला, तो एकदा म्हणाला, "तिने एकदा म्हणावं रे, ब्रुज छान आहे. बस्स. एकदाच."

"मारियेट?" रोमेनने कप खाली ठेवला. "त्यापेक्षा आपल्या बेल्फ्रीच्या मनोऱ्यावरचा ड्रॅगन खाली उतरून बिअर प्यायला येईल."

आणि मग मे महिन्यात लग्नाच्या वाढदिवसाला त्यांच्या मुलीने, एल्केने, दोघांच्या हातात पाकीट दिलं. ब्रुजमध्ये दोन रात्री, कालव्याकाठचं छोटं हॉटेल, न्याहारीसकट. आशीलच्या डोळ्यांत पाणी आलं. मारियेट म्हणाली, "लोक रोमला जातात."

"आई!"

"बरं बरं, जाते. पैसे भरलेत ना तू."

शुक्रवारी निघताना तिने बॅगेत सर्वात आधी मस्टेलचा पत्र्याचा डबा ठेवला, मग गेंटच्या तिखट मोहरीच्या चटणीची बरणी, मग कपडे. "तिकडे खायला मिळेल न मिळेल," ती म्हणाली. आशीलने मनाशी पक्कं ठरवलं होतं की दोन दिवस तिला गाव असं दाखवायचं, इतकं गोडीने खाऊ घालायचं, की तो शब्द तिच्या तोंडून आपसूक निघेल. गाडी ब्रुजच्या जवळ आली तसा त्याचा बटाटा पुन्हा गरम झाला. तिकीट तपासनिसाशी तो चक्क तिकडच्या बोलीत बोलला, आणि मारियेटने खिडकीबाहेर बघत उसासा टाकला.

पहिला मुक्काम अर्थातच चौक. बेल्फ्रीचा मनोरा समोर उभा, घंटा वाजतायत, घोडागाड्या टापा वाजवत फिरतायत. आशीलचा बाप याच चौकात गाडी हाकायचा. आशील मारियेटच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"आमच्याकडेही आहे," ती मनोऱ्याकडे मान उंचावून म्हणाली. "आमच्या मनोऱ्यावर ड्रॅगन आहे."

"तो ड्रॅगन तुम्ही आमचाच पळवून नेलात असं सांगतात."

"तुम्हाला सांभाळता आला नाही, त्याला आम्ही काय करणार?"

मनोऱ्याखालच्या टपरीवरून त्याने बटाट्याचे तळलेले काप घेतले, मोठा कागदी कोन. कोन रिकामा झाला तेव्हा लक्षात आलं की त्याच्या वाट्याला दोन-चारच आले होते. "कसे होते?" त्याने विचारलं. "भूक लागली होती," ती म्हणाली. मग त्याने तिला त्याच्या लहानपणीच्या दुकानातून बदाम घातलेली, लेससारखी जाळीदार पातळ बिस्किटं घेऊन दिली. तिने एक उजेडासमोर धरलं, त्यातून आरपार बेल्फ्री बघितली आणि म्हणाली, "भोकं आहेत. पीठ कमी पडलं का यांना?" तरी पुडी मात्र तिने हातातून सोडली नाही.

नावेत बसले तेव्हा ऊन छान पडलं होतं. पुलांखालून जाताना सगळे पर्यटक वाकत होते, मारियेट वाकली नाही, ती मुळातच ठेंगणी होती. नावाड्याने चार भाषांत हंसांची गोष्ट सांगितली, की ब्रुजकरांनी बादशहाच्या एका माणसाचं मुंडकं उडवलं, म्हणून बादशहाने शिक्षा फर्मावली, इथून पुढे कायम हंस पाळा.

"ऐकलंस?" मारियेटने आशीलला कोपर मारलं. "आम्हाला गळ्यात फास, आणि तुम्हाला पक्षी! शिक्षासुद्धा कशी लाडाची."

आशील हसला. अजून दीड दिवस होता. रात्री जेवायला बिअरमध्ये शिजवलेलं गोमांस मागवलं, तर मारियेटने पर्समधून आपली मोहरीची बरणी काढून वाढप्यासमोर ठेवली. "तुमच्याकडची नको," ती त्याला समजावून म्हणाली, "तुमची चूक नाही." आशीलने तेही हसून घेतलं. खरं तर त्याला मजाच वाटत होती. आपल्या गावात, आपल्या बायकोसोबत, परदेशी माणसांसारखं नकाशा घेऊन फिरणं याआधी त्याने कधी केलं नव्हतं. फक्त झोपताना पांघरूण ओढता ओढता त्याच्या मनात आलं की एक शब्द काय तो, किती जड असावा.

एक जागा त्याने शनिवारसाठी राखून ठेवली होती. सेंट ॲनाच्या भागात, जिथे फिरायला आलेली माणसं सहसा पोचत नाहीत, बुटक्या घरांची एक गल्ली आहे. त्या गल्लीत तो वाढला. नेमकी दुपारी पावसाची भुरभुर सुरू झाली. मारियेटचे पाय दुखत होते, छत्री एकच होती. आशील एका पांढऱ्या घरासमोर थांबला. दारावर आता किल्ली ठेवायची आकड्यांची डबी लावलेली होती, शनिवार-रविवारी येणाऱ्यांना घर भाड्याने जात होतं.

"इथे आई बसायची," तो म्हणाला. "दारात खुर्ची टाकून. लेस विणत. धाग्यांच्या त्या लाकडी कांड्या एकमेकींवर आपटायच्या ना, त्या आवाजावर मी झोपायचो."

मारियेटने घराकडे बघितलं. पाऊस तिच्या मानेवरून आत शिरत होता.

"दार किती बुटकं आहे," ती म्हणाली. "डोकं आपटून आपटूनच तुम्ही सगळे असे खुळे."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी आशील हसला असता. तिलाही तेच वाटलं होतं, की तो हसेल. तो हसला नाही. त्याने छत्री तिच्या हातात दिली आणि स्वतः पावसात उभा राहिला.

"मारियेट," तो म्हणाला, आणि तो त्याच्या आईच्या बोलीत बोलत होता, जी त्याने घरात कधी वापरली नव्हती. "मी तुमचा फास गळ्यात घालून चाललो. अनवाणी. पाय सोलून निघाले माझे. तुझ्या बापासमोर, सगळ्या गावासमोर, मी, ब्रुजचा पोरगा. कुणासाठी चाललो? आणि तुला माझ्या आईच्या दाराबद्दल एक बरा शब्द काढता येत नाही. एक!"

तो वळला आणि चालू लागला. लग्नाच्या इतक्या वर्षांत तो तिच्यापुढे कधी चालला नव्हता. मारियेट छत्री घेऊन हॉटेलपर्यंत मागून आली. आशील खालीच, न्याहारीच्या खोलीत, खिडकीशी बसला आणि मारियेट जिना चढून वर गेली.

आता गेंटच्या माणसाला माफी मागता येत नाही असं नाही. येते, फक्त त्यासाठी बादशहा आणि दोर लागतो. साध्या तोंडी माफीची आम्हाला सवय नाही. मारियेट पलंगावर बसून राहिली. ती स्वतःवर चिडली होती, आणि चिडली की तिच्या हातांना काहीतरी काम लागतं. तिने पत्र्याचा डबा उघडला. सकाळच्या न्याहारीतून तिने लोण्याच्या चार वड्या आणि साखरेच्या पुड्या पर्समध्ये टाकल्या होत्या. मग तिने कपाट उघडलं. कपाटात इस्त्री होती.

खाली आशील गार झालेल्या कॉफीकडे बघत बसला होता. मालकीणबाई, गोडलीव्ह नावाची उंच, ताठ, खास ब्रुजची म्हातारी, टेबलं पुसत होती. तिने हात थांबवून हवेत वास घेतला.

"दालचिनी," ती म्हणाली.

आशीलनेही वास घेतला. दालचिनी, लोणी, आणि जळायच्या बेतात आलेली साखर. हा वास त्याने दर जुलैत घेतला होता. तो उभा राहिला, आणि तेवढ्यात धुराची घंटा कोकलायला लागली.

तो जिन्याने धावला, मागून गोडलीव्हबाई, आणि वरच्या बोळात सगळी दारं उघडली होती. एक डेन्मार्कचं जोडपं टॉवेल गुंडाळून उभं, एक गृहस्थ बॅग घेऊनच बाहेर पडलेले. खोलीत मारियेट टेबलाशी उभी. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हाताने टॉवेल फडकावून धूर खिडकीबाहेर हाकतेय. टेबलावर बिस्किटांच्या पुडीच्या कागदात गुंडाळलेला चपटा पाव, आणि कागदावर छापलेली ब्रुजची बेल्फ्री साखरेत चिकटलेली.

"बाई!" गोडलीव्हबाई ओरडल्या. "काय इस्त्री करताय?"

"पाव," मारियेट म्हणाली.

घंटा बंद झाली. मग टॉवेलवाल्या डॅनिश बाईने विचारलं, हा काही इथला पदार्थ आहे का. त्यावर मारियेट आणि गोडलीव्हबाई दोघी एकदमच म्हणाल्या, "नाही!"

"गेंटचा," मारियेट म्हणाली.

"ते दिसलंच," गोडलीव्हबाई म्हणाल्या.

आता कागद सोलल्यावर तो वास काही कुणाला जाऊ देईना. मारियेटने मस्टेलचे तुकडे केले, सगळ्यांना दिले, मग इस्त्री पुन्हा तापवली आणि खिडकी सताड उघडून आणखी दोन दाबले. डॅनिश जोडप्याने डोळे मिटून खाल्लं. गोडलीव्हबाईंनी एक तुकडा घेतला. मग दुसरा. मग तिसरा, कडेचा, कुरकुरीत झालेला, जो खरं म्हणजे मारियेट आशीलसाठी बाजूला ठेवत होती. बोटं पुसून झाल्यावर मारियेटने विचारलं, "मग? कसा आहे?"

गोडलीव्हबाईंनी क्षणभर विचार केला. "भूक लागली होती," त्या म्हणाल्या.

मारियेटच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून आशीलला आधी खोकला आला, मग तो खोकला राहिला नाही. तो दाराच्या चौकटीला धरून इतका हसला की डॅनिश गृहस्थांना वाटलं त्याला धूर लागला. गोडलीव्हबाई इस्त्री मुठीने धरून, "ही मी खाली नेते," म्हणत निघून गेल्या. दार बंद झालं. मारियेट पलंगावर बसली.

"मी अशी बोलते?"

"नाही," आशील डोळे पुसत म्हणाला. "त्या बऱ्याच मऊ बोलल्या."

"तीन तुकडे खाल्ले बाईने! तीन! आणि म्हणते..." ती थांबली. मग तिने आशीलकडे बघितलं, त्याच्या ओल्या सदऱ्याकडे, आणि डब्यातला शेवटचा मस्टेल उचलला. "इस्त्री नेली बाईने. गार खाशील?"

"खाईन."

त्याने तो गारच खाल्ला. तिने तोंडाने माफी मागितली नाही, त्याने मागायला सांगितलं नाही. पण रात्रीच्या जेवणाला मोहरीची बरणी तिने वर, खोलीतच ठेवली होती, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

रविवारी सकाळी त्याला जाग आली तेव्हा मारियेट कोट घालून, बूट घालून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "ऊठ," ती म्हणाली. "गर्दी व्हायच्या आत." तिने त्याला सरळ त्या गल्लीत नेलं. रस्ता तिला बरोबर आठवत होता. पाऊस थांबला होता, दगड धुतल्यासारखे चमकत होते, आणि गल्लीत एका मांजराशिवाय कुणी नव्हतं. ती पांढऱ्या घराच्या पायरीवर बसली. आतली भाडेकरू मंडळी झोपलेली असावीत.

"खुर्ची कुठल्या बाजूला असायची?"

"इकडे. उजेड इकडून येतो."

"आणि तुझी खिडकी?"

त्याने दाखवली. तिने एकेक विचारत सगळं विचारून घेतलं, घोडा कुठे बांधायचे, पाणी कुठून आणायचे, आई ओरडायची का. एकही टोमणा नाही. आशील सांगत राहिला, पुष्कळ वर्षांनी कुणाला तरी सांगत राहिला, आणि त्याला फार बरं वाटलं. तो एक शब्द काही आला नाही. नाही तर नाही, त्याने मनाला समजावलं. पायरीवर बसली हे काय थोडं झालं? दुपारच्या गाडीने ते निघाले तेव्हा तो खरोखरच समाधानात होता.

गेंटच्या स्टेशनबाहेर एक नंबरची ट्राम उभी होती. ड्रायव्हरने आशीलला ओळखून हात केला, तो आशीलच्या हाताखाली शिकलेला. ट्राम भरलेली, निम्मे लोक आमच्याच भागातले, निम्मे चाकांच्या बॅगा घेऊन दोन दिवस फिरायला आलेले. मारियेटसमोर हॉलंडचं एक जोडपं बसलं होतं. नकाशा उलगडलेला, आवाज मोठा, हॉलंडच्या लोकांचा असतो तसा.

"काकू, तुम्ही इथल्याच ना?" तरुण बाईने विचारलं. "दोन दिवस आहेत आमच्याकडे. काय बघू? काय खाऊ?"

हे विचारायचाच अवकाश. मारियेटने बोटं मोजायला घेतली. किल्ला बघा, वर चढून. ड्रॅगन बघा, खरा आहे. जांभळी नाकं खा, म्हणजे आत रस भरलेल्या, नाकाच्या आकाराच्या गोळ्या, पण फोडून नका खाऊ, रस अंगावर उडतो. मोहरी घ्या, मोठी बरणी घ्या. मस्टेल बेकरीत मिळेल, पण इस्त्री केलेला खायचा तर जुलैत माझ्या दारात या.

"आणि ब्रुज?" नवऱ्याने विचारलं. "सगळे म्हणतात, नुसती गर्दी आणि चॉकलेटची दुकानं. नाही गेलो तरी चालेल ना?"

ट्राममधली आमची माणसं कान टवकारून बसली. गेंटमध्ये या प्रश्नाला एकच उत्तर आहे, आणि ते द्यायला मारियेटहून योग्य माणूस नव्हतं. ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. आशीलने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"न जाऊन कसं चालेल?" मारियेट म्हणाली. "सुंदर आहे."

मागच्या बाकावर कुणाची तरी पिशवी खाली पडली.

"सुंदर आहे," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी ट्रामच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतक्या जोरात. "जाऊन-येऊन करू नका, रात्र राहा. आणि सकाळी लवकर उठून सेंट ॲनाच्या गल्ल्यांत जा. तिथली दारं बुटकी आहेत. नीट बघा ती."

"आणि माणसं? माणसं कशी आहेत?"

"खुळी," मारियेट म्हणाली, आणि तिने शेजारी न बघता आपला हात आशीलच्या गुडघ्यावर ठेवला. "मी एक घरी आणला. अजून बदलावासा वाटला नाही."

आशीलने तिच्या हातावर आपला हात ठेवला. बाहेर काय चाललंय ते त्याला दिसत होतं आणि दिसतही नव्हतं. त्यांचा किल्ल्याचा थांबा आला, ट्राम थांबली, दारं उघडली, हॉलंडचं जोडपं बॅगा ओढत उतरलं, आमची माणसं उतरली, दारं बंद झाली. ड्रायव्हरने आरशातून दोघांना बघितलं, पण घंटा वाजवून आठवण करून दिली नाही. ज्या माणसाने अडतीस वर्षं हजारो लोकांना त्या थांब्यावर वेळेवर उतरवलं होतं, तो मारियेटचा हात धरून पुढे गेला, पार शेवटच्या थांब्यापर्यंत.